निरसन राहिलं, आत्या

रविवार, १८ जानेवारी. सकाळी साडेदहा. भवानीपूरचं घर, जेवणाचं टेबल.
हजर: मी, अरविंद, केदार, सुदेष्णा. राई टेबलाखाली, रंगीत खडूंसकट.
गैरहजर: तू.
विषय: घरचा नियम. निर्णय: झाला नाही.

आत्या, काल तुझं तेरावं झालं. आधी हजेरी, मग विषय, हा घरच्या बैठकीचा क्रम तूच घालून दिलास, म्हणून आजही तसंच लिहिलं. तुझं नाव लिहून झाल्यावर लक्षात आलं की गैरहजर माणूस पुढच्या वेळी येऊ शकतो. खोडणार होते. मग राहू दिलं.

करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं आहे. दाखल्याच्या प्रती काढल्या. पेन्शनच्या कचेरीत कळवलं, तिथल्या बाई तुला ओळखत होत्या, म्हणाल्या, “दीदी अर्जातला स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करून द्यायच्या.” वाचनालयाची पुस्तकं परत केली. तुझ्या गरम शाली धुऊन, सुकवून, ज्यांना जी द्यायची असं तू बोलून ठेवलं होतंस त्यांना ती दिली. गॅसचं कनेक्शन, लँडलाइन, डॉक्टरांच्या फायली. लोक म्हणतात, मंजूचं बरं आहे, कामात असते. कामात असते हे खरं. यादीवरचं एक-एक काम उरकत जाते आणि खाली एक काम तसंच बसून असतं, माझ्याकडे बघत. ते कसं उरकायचं हे सांगणारं माणूस तूच होतीस.

ते काम म्हणजे तुझा नियम.

तो झाला तो दिवस मला आठवतो, कारण तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तुझा भाऊ, आयुष्यभर चार भाषांत व्यवहार केलेला माणूस, त्याच्याकडे एकटी मराठी उरली होती, तीही तुकड्या-तुकड्यांनी. केदार तेव्हा पाच वर्षांचा. बाबा खोलीतून “पाणी, पाणी दे रे” म्हणत होते आणि केदार दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली, टीव्हीवर हिंदी. आम्ही घरात काय बोलायचो? सगळंच. त्या गडबडीत पाणी हा शब्दही त्याला पोचला नाही, की आजोबांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून तो ओळखू आला नाही, देव जाणे. तू आतून आलीस, बाबांना पाणी पाजलंस, पदरानं त्यांची हनुवटी पुसलीस, आणि बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना टेबलाशी बोलावलंस.

“आजपासून उंबऱ्याच्या आत फक्त मराठी,” म्हणालीस. “उद्देश व कारणे: या घरात कुणी पाणी मागितलं, तर ते घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.”

अरविंद म्हणाला, “आत्या, दूधवाला आत येतो.”

“दूधवाल्याला सूट. जावईबापूंना नाही.”

अरविंद बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आला, आपल्याकडे जेवायला म्हणून यायला लागला आणि कायमचा राहिला. त्याला घरजावई म्हणून चिडवायची एकही संधी तू सोडली नाहीस. ते शेवटपर्यंत चाललं. आता त्याला तसं कुणी म्हणत नाही. परवा तो मला म्हणाला, घरात फार शिष्टाचार वाढलाय.

तुझी नोकरी कायद्यांचे मसुदे करण्यात गेली. एस्प्लनेडला मेट्रोतून उतरून, फेरीवाल्यांच्या गर्दीतून कचेरीत, आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत, कधी मोजे, कधी संत्री घेऊन. दिवसभर इंग्रजी आणि बंगाली. पण मुंबईच्या मावसभावाकडून तू महाराष्ट्राच्या अधिनियमांच्या मराठी प्रती मागवून घ्यायचीस आणि रविवारी दुपारी लोक कादंबरी वाचतात तशा वाचायचीस. तेही शेवटापासून. “शेवटचं कलम आधी वाचावं,” म्हणायचीस. “निरसन व व्यावृत्ती. कायदा करणाऱ्याचा स्वभाव तिथे कळतो.”

मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे आयुर्वेदातलं काहीतरी वाटलं होतं. तू समजावलंस. एखादा कायदा ज्याने केला त्यानेच तो रीतसर संपवणं, म्हणजे निरसन.

“म्हणजे रद्द,” मी म्हणाले.

“रद्द काय, तिकीटही होतं. निरसन फक्त कायद्याचं होतं.”

“शंकेचंही होतं,” अरविंद पेपरामागून म्हणाला.

“तुमच्या शंकांचं होत नाही, जावईबापू. त्या उरतातच.”

मग हळूहळू, भाजी निवडताना, औषधाच्या गोळ्या डबीत भरताना, तू मला बाकीचं सांगितलंस. वापरात नाही म्हणून कायदा मेला असं सहसा होत नाही. तो पडून असतो, आणि कुणी उचलला की पुन्हा चावतो. कोर्ट कायदा अवैध ठरवू शकतं, पण ते निरसन नव्हे. निरसन हे कायदा करणाऱ्याचंच काम. आणि सगळ्यात महत्त्वाचं: निरसन मागे जात नाही. तसं स्पष्ट लिहिलं नसेल, तर जुन्या कायद्याखाली जे घडून गेलं ते घडून गेलेलंच राहतं. कुणाला हक्क मिळाला असेल तो राहतो, कुणाला शिक्षा झाली असेल ती राहते. नवं पान सुरू होतं, जुनं फाडलं जात नाही. जुन्यातलं काय काय राखायचं, हे ज्या ओळींत लिहितात ती व्यावृत्ती.

“निरसन एका ओळीचं असतं,” तू म्हणायचीस. “व्यावृत्तीला घाम फुटतो.”

हे मी तेव्हा नोकरीतल्या गोष्टी म्हणून ऐकलं. आपल्याच टेबलावर ते येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

सुदेष्णा आली त्याला आता सात वर्षं होतील. बराकपूरची मुलगी, केदारच्या ऑफिसात, सॉल्ट लेकला. लग्नाआधी केदारनं तिला नियम सांगितला होता आणि ती हसून हो म्हणाली होती. मराठी शिकलीही. पण टेबलावरचं बोलणं कुणासाठी थांबत नाही. ती मनात वाक्य जुळवायची, जुळेपर्यंत वरण संपलेलं असायचं आणि विषय बदललेला असायचा. मग ती ताटं उचलायची. आम्ही म्हणायचो, किती शांत मुलगी आहे.

शांत. आणि तीच मुलगी ऑफिसात मीटिंगा गाजवते, हे केदार सांगायचा.

तुझ्या ते लवकर लक्षात आलं असावं, कारण पहिल्याच हिवाळ्यात तू संध्याकाळचा चहा ओट्यावर घ्यायला लागलीस. आपल्या दारापुढचा तो दगडी ओटा, ज्याला गल्ली रोयाक म्हणते, तिथे तोवर फक्त शेजारचे म्हातारे गप्पा छाटत बसायचे. एके दिवशी तू पाट बगलेत मारून उंबरा ओलांडलास, दगड थंड म्हणून पाट टाकलास, बसलीस आणि आत हाक मारलीस, “बौमा, चा निये एशो.”

सूनबाई, चहा घेऊन ये. ती आली. दोन कप घेऊन. मी खिडकीतून बघत होते. तू तिला काहीतरी विचारलंस आणि तिनं जे बोलायला सुरुवात केली ते दिवेलागणीपर्यंत. हात हलवत, नकला करत. मी आमच्या सुनेचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी तुला म्हणाले होते, “आत्या, हे काय? आत कायदा आणि बाहेर तूच मोडतेस?”

“मोडत नाहीये. उंबऱ्याच्या आत असं म्हटलंय. ओटा बाहेर आहे.”

“आणि आत ती सुदेष्णा, बाहेर बौमा?”

“प्रत्येक कायद्याला हद्द असते, मंजू.”

पुढे राई झाली. तिला आपल्या भाषेत झोपवायचं, रागवायचं, तर सुदेष्णा तिला कडेवर घेऊन ओट्यावर जायची. आईशी फोनवर बोलायचं तर ओट्यावर. उन्हाळ्यात घामानं निथळत, पावसात दाराच्या पत्र्याखाली. तुझ्या-तिच्या चहाच्या वेळी मात्र ओट्यावर हसणं असायचं. गल्लीतल्या लोकांना ती आपल्या घरातली सगळ्यात बोलकी बाई वाटते. तुझ्या अंत्ययात्रेला आलेली कोपऱ्यावरची फुलवाली मला म्हणाली, “मुलगी तर आईवर गेलीय अगदी, सारखी बोलते.” तिला वाटत होतं तू सुदेष्णाची आई आहेस.

गेल्या दुर्गापूजेनंतर केदारनं सांगितलं की सॉल्ट लेकला, ऑफिसच्या जवळ, एक फ्लॅट बघितला आहे. मी म्हटलं, जाण्या-येण्याचा त्रास म्हणून का? तो म्हणाला, “आई, माझ्या बायकोला स्वतःच्या मुलीला रागवायला रस्त्यावर जावं लागतं.” आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी तुझ्याकडे आले. तुझ्या-माझ्यातलं ते भांडण पुरं झालंच नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी म्हणाले, “नियम काढून टाक. उद्यापासून कुणी पाळायचा नाही, संपलं.”

“पाळायचा नाही म्हणजे संपला नाही. पाळणारी पाळतच राहील. तिला कसं कळणार की मोडला तरी चालेल, की खरंच संपला?”

“मग सांग तिला.”

“कानात सांगू? ज्या टेबलावर केला त्याच टेबलावर करीन.” मग म्हणालीस, “संक्रांतीला करते. सगळे असतील. पण व्यावृत्ती तू लिहायची.”

“मी? मला काय कळतं त्यातलं?”

“याद्या कोण करतं या घरात? काय राहिलं ते तुलाच कळतं.”

मी ते काम म्हणून घेतलं. मला काम दिलं की मी करते. पहिला मसुदा दुसऱ्याच दिवशी आणला: नियम संपला तरी राईशी सर्वांनी मराठीत बोलावे. तू वाचलास, चष्मा काढलास. “हा नवा नियम झाला. व्यावृत्ती म्हणजे जे झालं ते राखणं. जे व्हावं ते नव्हे.”

दुसरा: नियमाच्या काळात घरातली मुलं जी मराठी शिकली तिचा आदर राखला जावा. तू हसलीस. “भाषण आहे. समारंभाला वाचायला दे.”

तिसरा आणला तेव्हा मी वैतागले होते. “झालेलं काय राखायचं, आत्या? केदारला मराठी आली, ती कुठे पळून जाणार आहे? सुदेष्णा शिकली, तेही कुणी काढून घेत नाही. अजून काय झालं या नियमाखाली?”

तू तिळाचा डबा झटकत होतीस. आपल्या घरचा तिळगूळ नोलेन गुळाचाच. चिक्कीचा गूळ इथे मिळत नाही आणि खजुराचा हा गूळ पाकात हट्ट करतो, वडी धरत नाही, पण तू दरवर्षी त्याच्याशी भांडून वड्या पाडायचीसच. डबा खाली ठेवलास आणि म्हणालीस, “सात वर्षं एक मुलगी जेवताना बोलली नाही. तेही झालं. नियम गेला म्हणून ती जेवणं बोलकी होत नाहीत. ते कुठे लिहिणार आहेस?”

तेव्हा वाटलं तू हटून बसली आहेस. आता वाटतं, तू अडकली होतीस. एक ओळ म्हणायची, की मी केलं ते संपवते. ती म्हटली की पुढचा प्रश्न उभाच: मग इतकी वर्षं काय? त्याच्यावर कायद्यात उपाय नव्हता आणि कायद्याबाहेरचं तुला येत नव्हतं. ओट्यावर जाऊन बसणं, एवढंच तुला आलं. ते तू रोज केलंस.

संक्रांत यायच्या आत तुला ताप आला. सर्दी आहे म्हणालीस. त्या दुपारी मी औषधं आणायला गेले होते, अरविंद बँकेत, केदार ऑफिसात. सुदेष्णा घरून काम करत होती. मी परत आले, दार लोटलेलं होतं, आणि तुझ्या खोलीतून तुझा आवाज आला.

“बौमा, एकटू जोल दाओ.”

आत. उंबऱ्याच्या चांगली वीस पावलं आत, तुझ्या पलंगावरून, तू बंगालीत पाणी मागत होतीस. मी चपला घालूनच उभी राहिले.

आणि सुदेष्णा म्हणाली, “देते हं, आत्याआजी. जरा उठून बसा.”

मराठीत. स्वच्छ, न अडखळता. मग भांड्याचा आवाज, मग तुझा घोट गिळल्याचा. मी आत आले तेव्हा ती तुझी हनुवटी पुसत होती, ओढणीनं. संध्याकाळी श्वास लागला म्हणून तुला नर्सिंग होमला नेलं. तिथून तू घरी आली नाहीस.

मला वाटलं, मला उत्तर मिळालं. तूच एकदा शिकवलं होतंस की निरसन कधीकधी न बोलताही होतं. नंतरचा कायदा आधीच्याशी इतका विसंगत असेल, की दोन्ही एकत्र उभे राहूच शकत नाहीत, तर आधीचा तेवढ्यापुरता गेला असं धरतात. गर्भित निरसन. मी ते घट्ट धरून ठेवलं, तुझ्या चितेपाशी उभी असतानासुद्धा. करणाऱ्यानंच, आतच, त्याच्या उलट केलं. अजून काय पुरावा हवा?

म्हणून आजची बैठक मी बोलावली. पोहे केले होते. विषय मांडला केदारनं. “हा नियम आज आपण संपवतोय. कुणाची हरकत?”

“अध्यादेश होता तो,” अरविंद म्हणाला. “घरानं कधी मंजूरच केला नाही. आपोआप गेलेला आहे.” तुझ्या वाट्याची थट्टा तो करत होता. कुणी हसलं नाही.

मी पाण्याची गोष्ट सांगितली. अरविंद आणि केदारला ती माहीत नव्हती. गर्भित निरसनाचंही सांगितलं. मला वाटत होतं सुदेष्णा रडेल, किंवा बंगालीत काहीतरी बोलेल, टेबलावर, आमच्यासमोर, आणि झालंच मग.

ती म्हणाली, “नाही.”

“काय नाही?” केदार.

“आत्याआजीला ताप होता. तापात नियम मोडला. मोडला म्हणजे निरसन नाही. ते तिनीच शिकवला होता मला.” ती मराठीतच बोलत होती, हळू, आणि आज आम्ही थांबलो होतो, तिचं वाक्य जुळेपर्यंत. “जो करतो, तोच करू शकतो. तुम्ही नाही करू शकत.”

केदार तापला. “अगं, विधानसभेतली माणसं मरतात, विधानसभा मरत नाही. आपण आहोत ना? घर आहे ना?”

“घरानी नाही केला होता. तिनी केला.”

“म्हणजे जन्मभर तू ओट्यावर बसणार?”

टेबलाखालून राई म्हणाली, “मी पण बसणार.” ती मराठीत म्हणाली.

मी बघत होते आत्या, आणि मला काहीही करता येत नव्हतं. केदारचं बरोबर होतं. सुदेष्णाचंही बरोबर होतं. पुढच्या रविवारपर्यंत त्या फ्लॅटवाल्यांना हो की नाही कळवायचं आहे. केदार म्हणतो, नियम गेला तर राहू. सुदेष्णा म्हणते, नियम कुणी घालवू शकत नाही. आणि जिला घालवता आला असता तिची मी आज हजेरी मांडून बसले होते.

शेवटी सुदेष्णाच म्हणाली, “आई, निरसन राहू द्या. व्यावृत्ती लिहा तुम्ही. ती काम तुम्हाला दिली होती ना तिनी? ते वाचून मी सांगते, जायचं की नाही.”

एवढं म्हणून तिनं पोह्यांच्या बशा उचलल्या. नेहमीसारख्या.

संध्याकाळी ती चहा घेऊन ओट्यावर गेली. दोन कप. सवयीनं की मुद्दाम, विचारलं नाही. तुझा पाट तिथेच होता, तुला नेलं तेव्हापासून तसाच. तू रोज दव पडायच्या आत तो उचलून आत आणायचीस, कुणाला हात लावू द्यायची नाहीस, लाकूड फुगतं म्हणून. इतक्या दिवसांत तो कुणीच आणला नाही. मला दिसत होता रोज. यादीवर लिहिलासुद्धा नाही.

मी बाहेर गेले. जन्म या घरात गेला, पण रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसायला मला वेळ झाला नव्हता. सुदेष्णा सरकली. म्हणाली, पाटावर बसा. मी दगडावर बसले. थंड होता, तू म्हणायचीस तितका.

मी तिला विचारलं, इतकं काय बोलायचात गं तुम्ही दोघी? ती बंगालीत सांगत होती. मी मराठीत लिहितेय, कारण हे लिहायला मी आत येऊन बसले आहे. ती म्हणाली, काहीही. ऑफिसचं राजकारण, माशांचे भाव, तिच्या आईचे गुडघे. तू एस्प्लनेडला ज्याच्याकडून मोजे घ्यायचीस त्याची नक्कल करायचीस म्हणे. मला तू नक्कल करतेस हेच माहीत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं एका घरात, आत्या.

मग ती म्हणाली, एकदा मी त्यांना विचारलं होतं, नियम काढायचं इतकं अवघड का वाटतं? तर म्हणाल्या, काढला की सगळे मला चांगलं म्हणतील आणि तू पण म्हणशील. आणि मला ते घेता येणार नाही.

ती म्हणाली, “त्या आत मला कधी बौमा म्हणाल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या.” मग कप उचलून ती आत गेली. उंबऱ्यात पाय ठेवताना वळली, पाटाकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, “पाट?”

“घेते मी,” म्हणाले.

आत येऊन टेबलाशी बसले. वर लिहिलं: व्यावृत्ती. खाली आकडा घातला, एक. त्यापुढे पाणी लिहू का? तू मागितलंस ते, की बाबांनी मागितलं ते? ओटा लिहू? ती सात वर्षांची जेवणं लिहू, आणि लिहिली तर राखायची म्हणजे काय करायचं त्यांचं? तू असतीस तर वाचून चष्मा काढला असतास, आणि मला निदान हे कळलं असतं की हेही चुकलं. सगळ्या वाक्यांची तू छाननी करायचीस. तुझ्याविना माझी सगळीच वाक्यं मला बरोबर वाटतात, म्हणून एकही ठेवता येत नाही.

आत राई झोपायचं नाही म्हणून रडत होती. सुदेष्णा तिला कडेवर घेऊन आत्ता माझ्यामागून गेली, दाराची कडी काढली, बाहेर गेली. तिथून अंगाईसारखं काहीतरी ऐकू येतंय.

रविवारपर्यंत वेळ आहे. आकड्यापुढे अजून काही नाही. दव पडायला लागलं असेल, आणि पाट आत घ्यायचा राहिला आहे.